वाचता कोणाला येत नाही?

मुलांना वाचता येत नाही, हा हल्ली सुशिक्षितांच्या बैठकीतला एक आवडता विषय होऊन बसला आहे. चहा येण्यापूर्वी महागाई, चहा संपेपर्यंत रस्त्यांवरचे खड्डे आणि चहा संपल्यावर ‘ही म्युनिसिपालिटीच्या शाळांतली पोरे’, असा ह्या संभाषणाचा क्रम बहुधा ठरलेला असतो. पाचवीतल्या मुलास दुसरीचे पुस्तक वाचता येत नाही, हे कोणी तरी वर्तमानपत्रात पाहिलेले असते; त्यावर दुसरा कोणी मान हलवितो; आणि तिसरा, हा पुष्कळदा यजमानच असतो, समारोपाचे वाक्य उच्चारितो: “त्यांच्या घरी वातावरणच नाही; तेथे शाळा तरी काय करणार?” ह्यानंतर विषय संपतो. वाक्य असे सोयीचे आहे की, ते बोलणाऱ्यास व ऐकणाऱ्यास, दोघांसही, पुढे करावयाचे असे काही उरत नाही.

हे वाक्य आम्हीही अनेकदा उच्चारिले आहे, हे प्रथमच कबूल केलेले बरे. त्यात सत्याचा अंश किती आणि आत्मसमाधानाचा किती, ह्याचा विचार करण्याची पाळी आम्हांवर अलीकडे आली. त्या विचाराअंती जे आम्हांस दिसले ते आमच्या वाचकांपुढे मांडावे, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे. लेखाचा सूर काहीसा कडक वाटल्यास वाचकांनी एवढे ध्यानात ठेवावे की, तो कडकपणा प्रथम आम्हांस स्वतःस लागू आहे.

मुलांस वाचता येत नाही, ही तक्रार सर्वस्वी निराधार आहे असे आम्ही म्हणत नाही. ‘असर’ नावाची जी पाहणी २००५ सालापासून खेडोपाडी होत आली आहे, तिच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे ग्रामीण भारतातील पाचवीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकणारी मुले शेकडा ४८.८ भरली, म्हणजे निम्म्याहून थोडी अधिक मुले तो वाचू शकली नाहीत. आकडा भयंकर आहे, आणि त्याकडे डोळेझाक करावी असे कोणीच म्हणणार नाही. पण हा आकडा रोगाचे अस्तित्व सांगतो. रोगाचे निदान सांगत नाही. निदान मात्र आमच्या वर्गाने केव्हाच करून टाकले आहे, तेही रोग्याची नाडी न पाहता. घरी वातावरण नाही, आईबापांस कळकळ नाही, मुलास बुद्धी बेताची: झाले निदान!

हा आकडा खेड्यांचा आहे. शहरातल्या कामगारवस्तीत एका मुलाची नाडी पाहण्याचा योग आम्हांस सातपूरला आला, तो असा.

नाशिकहून त्र्यंबकेश्वरास जाणाऱ्या रस्त्यावरील सातपूर हे पूर्वी एक साधे खेडे होते. १९६० नंतर तेथे औद्योगिक वसाहत उभी राहू लागली; १९८२ साली नाशिकची महानगरपालिका झाली, तेव्हा सातपूरही शहरात आले. कारखान्यांबरोबर माणसे आली. धुळ्याजळगावाकडची आली, बागलाण-कळवणची आली, पेठ-सुरगाण्याच्या डोंगरांतली आली, आणि पुढे पुढे तर थेट उत्तर हिंदुस्थानातलीही आली. आज ह्या वस्तीत एका ओळीतल्या दहा खोल्यांत चार निरनिराळ्या बोली सहज ऐकू येतात. गंगापूर रस्त्यावरील आमच्या घरापासून हे सारे फार तर अर्ध्या तासाच्या अंतरावर असेल. परंतु इतकी वर्षे नाशकात राहूनही, त्र्यंबकला जाताना मोटारीच्या काचेतून दिसेल तेवढेच सातपूर आम्ही पाहिले होते.

दोन वर्षांपूर्वी एका स्नेह्याने आम्हांस विचारले की, सातपूरला एक पाचवीतला मुलगा आहे, त्यास वाचनात कोणी मदत करील काय? मुलाचे बिऱ्हाड साक्री तालुक्यातून आलेले. बाप एका छोट्या कारखान्यात लेथवर काम करणारा. त्याची पाळी दर आठवड्यास बदले. आई दुसऱ्या कारखान्यात पॅकिंगच्या कामास जाई. मुलांस सांभाळण्यासाठी आजी गावाकडून येऊन राहिली होती. मुलास घाईने मदत हवी होती ह्याचे कारणही होते. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने आठवीपर्यंत कोणास मागे ठेवता येत नसे. त्या कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली, आणि २०२३ साली महाराष्ट्राने आपले नियम बदलून पाचवी व आठवीस वार्षिक परीक्षा ठेविली. तीत आणि नंतरच्या फेरपरीक्षेतही जो उतरणार नाही, तो त्याच वर्गात राहणार. “मागे राहिला तर शाळा सोडून देईन म्हणतो,” असे त्याच्या आईने त्या स्नेह्यास सांगितले होते. दहा वर्षांच्या मुलाने असे म्हणावे, हे ऐकून आमचे मन द्रवले. आणि द्रवलेल्या मनाने, म्हणजे पुष्कळशा अहंकाराने, आम्ही ते काम पत्करिले.

अहंकार हा शब्द आम्ही विचारपूर्वक योजिला आहे. आठवड्यातून तीन संध्याकाळी आम्ही सातपूरला जाऊ लागलो, तेव्हा आमच्या पिशवीत पाठ्यपुस्तक, दोन गोष्टींची पुस्तके आणि एक कोरी वही होती. त्या वहीस आम्ही ‘चुकांची वही’ असे नाव दिले होते. मुलाने वाचावे, चूक होताच आम्ही थांबवावे, शुद्ध शब्द उच्चारून दाखवावा, त्याने तो तीनदा म्हणावा, आणि चूक वहीत टिपून ठेवावी, अशी आमची पद्धत. ही पद्धत शास्त्रीय आहे अशी आमची समजूत होती. वाचकांपैकी ज्यांनी घरच्या मुलांस शिकविले आहे, त्यांस ती परिचयाची वाटेल. कारण आपणही बहुतेक तिनेच शिकलो.

मुलगा पुस्तकातला ‘डोळा’ हा शब्द पाही आणि ‘डोया’ म्हणे. ‘काळा’ पाही आणि ‘काया’ म्हणे. ‘फळ’ झाले ‘फय’, ‘पाणी’ झाले ‘पानी’. आम्ही थांबवीत होतो, सुधारीत होतो, टिपीत होतो. पहिल्या दिवशीच्या पानावर एकवीस चुका पडल्या. दुसऱ्या आठवड्यात त्या कमी झाल्या आणि आम्हांस धन्यता वाटली. त्या कमी होण्याचे कारण मात्र आमच्या ध्यानात आले नाही. मुलगा कमी वाचू लागला होता. पहिल्या दिवशी ओट्यावर शेजारच्या पोरांशी मोठमोठ्याने गोष्टी करणारा तो मुलगा आम्ही दिसताच आवाज उतरवी. प्रत्येक शब्दापूर्वी आमच्या तोंडाकडे पाही. आणि पुढे पुढे तर ओठांतल्या ओठांत असे काही पुटपुटे की, चूक पकडणे अशक्य व्हावे. सहाव्या आठवड्यात तो आमची वेळ चुकवून कोठे तरी खेळावयास निघून जाऊ लागला. घरी परतताना आम्ही मनाशी म्हटले, “कळकळच नाही, आपण तरी काय करणार?” चहानंतरचे ते वाक्य आम्ही ह्या वेळी सातपूरच्या रस्त्यावर, आणि चहाशिवायच, उच्चारिले!

आमचे डोळे उघडले ते त्याच्या आजीने. एका संध्याकाळी तिने नातवास हाताला धरून आणून बसविले, आणि स्वतः उंबऱ्याशी लसूण सोलीत बसली. मुलाने ‘डोया’ म्हटले. आम्ही थांबविले. त्याने पुन्हा, घाबरून, ‘डोया’च म्हटले. तेव्हा ती बाई, जिला आयुष्यात एक अक्षर वाचता आलेले नाही, हातातला लसूण खाली ठेवून अत्यंत आदराने आम्हांस म्हणाली, “गुर्जी, डोया म्हणजे डोळाच ना?”

ह्या प्रश्नास उत्तर नव्हते. डोया म्हणजे डोळाच. अहिराणीत ‘ळ’ च्या जागी ‘य’ येतो, ही गोष्ट आम्हांस पुस्तकी ज्ञान म्हणून ठाऊक होती. व्याकरणावरील चर्चेत ती आम्ही एखादे वेळी सांगूनही दाखविली असती. पण ‘डोया’ हा शब्द सातपूरच्या एका मुलाच्या तोंडून आला, तेव्हा आम्हांस तो चूक म्हणून ऐकू आला, बोली म्हणून ऐकू आला नाही. त्या रात्री घरी येऊन आम्ही चुकांची वही उघडली, आणि ह्या नव्या उजेडात पहिले पान पुन्हा तपासले. एकवीस खुणांपैकी तेरा अहिराणीच्या होत्या. त्यांतली एक खूण पाहून तर आम्हांस आमची लाज वाटली. पुस्तकात ‘आहे’ होते, आणि मुलाने ‘शे’ म्हटले होते.

वाचकांनी ह्या एका खुणेचा शांतपणे विचार करावा. ‘आहे’ आणि ‘शे’ ह्या दोन शब्दांच्या आकारांत साम्य नाही. एकावरून दुसरा चुकून वाचला जाईल अशी तिळमात्र शक्यता नाही. अहिराणीत ‘आहे’ ला ‘शे’ म्हणतात. तेव्हा ‘आहे’ पाहून ‘शे’ म्हणणाऱ्या मुलाने अक्षरे ओळखली, त्यांचा शब्द केला, शब्दाचा अर्थ जाणला, आणि तो अर्थ आपल्या घरच्या भाषेत तोंडावाटे बाहेर काढला. ज्यास आपण वाचन म्हणतो, त्याहून ही एक पायरी अधिकच झाली. उलट, आमच्या पांढरपेशा घरांतील किती तरी मुले इंग्रजी शाळांतून पाठ खडाखडा म्हणून दाखवितात, आणि अर्थ विचारला की छताकडे पाहतात. त्यांस मात्र ‘वाचता येते’ असे आपण पाहुण्यांस कौतुकाने सांगतो. अर्थासह वाचणारा ढ, आणि अर्थावाचून उच्चारणारा हुशार, हा न्याय कोणत्या शास्त्रात बसतो?

येथे कोणी म्हणेल की, एका मुलावरून एवढे मोठे अनुमान काढणे योग्य नव्हे. आक्षेप रास्त आहे. पण हा शोध आमचा नव्हे, आणि तो नवाही नव्हे. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील निग्रो मुलांच्या बोलीचा अभ्यास करणाऱ्या विल्यम लबॉव्ह ह्या भाषापंडिताने १९६० नंतरच्या दशकातच बजाविले होते की, मुलाचा उच्चार वेगळा असणे आणि मुलास वाचता न येणे, ह्या दोन गोष्टींत शिक्षकाने भेद केलाच पाहिजे. १९७९ साली मिशिगन संस्थानातील अ‍ॅन आर्बर येथे हा प्रश्न थेट न्यायासनापुढे गेला. आणि न्यायाधीश चार्ल्स जॉयनर ह्यांनी असा निर्णय दिला की, मुलांची घरची बोली ध्यानात न घेतल्याने त्यांच्या वाचनशिक्षणात अडथळा येतो, तेव्हा शिक्षकांस त्या बोलीचे ज्ञान देण्याची व्यवस्था शाळाखात्याने केली पाहिजे. ह्यात ध्यानात घेण्याजोगे हे की, न्यायालयाने प्रशिक्षण मुलांस दिले नाही. शिक्षकांस घ्यावयास लाविले.

आणि इतके दूर तरी कशास जावे? सातारा जिल्ह्यातील फलटण येथे डॉ. मॅक्सिन बर्नसन ह्या विदुषीने जे केले, ते आपल्या डोळ्यांसमोरचे आहे. ह्या बाई जन्माने अमेरिकन. फलटणच्या लोकांच्या बोलण्यातील भेद हाच त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. पुढे त्या तेथेच राहिल्या आणि भारताच्या नागरिक झाल्या. शाळेत नाव असून वाचता न येणारी दलित वस्तीतील मुले त्यांनी जवळ घेतली, आणि त्या कामातून १९८४ साली प्रगत शिक्षण संस्था व १९८६ साली कमला निंबकर बालभवन ही शाळा उभी राहिली. मुलाची घरची भाषा हा अडथळा नसून तीच पहिली पायरी होय, ह्या विश्वासावर ते काम चालले. परदेशातून आलेल्या बाईस फलटणच्या गल्लीतली बोली कान देऊन ऐकावीशी वाटली. आणि नाशकात हयात घालविलेल्या आम्हांस सातपूरची बोली ऐकू येण्यास लसूण सोलणारी एक आजी लागली!

आता ह्या लेखाचा जो खरा वादाचा मुद्दा, त्याकडे वळू. आपला वर्ग बोलीभाषांचा शत्रू आहे असे कोणी म्हटले, तर तो संतापेल. आणि पुराव्यादाखल तो बहिणाबाईंचे नाव घेईल. बहिणाबाई चौधरी ह्या जळगावजवळच्या आसोद्याच्या. त्यांस लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांच्या पश्चात १९५२ साली, पुत्र सोपानदेव ह्यांच्या हातून व आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्यांची गाणी प्रसिद्ध झाली, आणि साऱ्या महाराष्ट्राने ती डोक्यावर घेतली. ती घ्यावी अशीच आहेत. पण ती गाणी खानदेशच्या लेवा गणबोलीतली आहेत. आणि त्या बोलीतही ‘ळ’ चा ‘य’ होतो. म्हणजे तोच ‘य’ कवितेत आला की आपण सद्गदित होतो, रंगमंचावरून तो मुद्दाम घोळवून म्हणतो, आणि मुलांस पाठ करावयास लावतो. अन् तोच ‘य’ कामगाराच्या पोराच्या तोंडी आला की वहीत लाल खूण करतो! बोलीचे हे प्रेम म्हणजे देव्हाऱ्यातल्या देवास नैवेद्य दाखवून दारातल्या भुकेल्यास हाकलून देण्यासारखे आहे.

नाशिक हे तर कुसुमाग्रजांचे गाव. त्यांचा जन्मदिवस, २७ फेब्रुवारी, हा मराठी भाषेचा गौरवदिन म्हणून आपण पाळतो. १८४० साली स्थापन झालेल्या सार्वजनिक वाचनालयाचा अभिमान प्रत्येक नाशिककर बाळगतो, आणि तो योग्यच आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा पेढे वाटण्यात आम्हीही मागे नव्हतो. पण अभिजात झाली ती मराठी कोणाची? ‘माझा’ म्हणणाऱ्याची तेवढी, की ‘मना’ म्हणणाऱ्याचीही? अहिराणी ही मराठीची बोली की स्वतंत्र भाषा, ह्याविषयी पंडितांत मतभेद आहेत. ग्रिअर्सनने आपल्या भाषापाहणीत खानदेशीचा समावेश भिल्ल भाषांच्या खंडात केला, आणि २०११ च्या शिरगणतीत खानदेशीची नोंद मराठीहून वेगळी होऊन तिचे भाषक अठरा लाखांवर भरले. पंडितांनी हा वाद खुशाल चालू ठेवावा. पण शाळेच्या दाखल्यावर मुलाची मातृभाषा ‘मराठी’ लिहिली जाते. २०२० चे राष्ट्रीय शिक्षणधोरण शक्य तेथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिक्षण द्यावे असे म्हणते. आणि मराठी शाळेत मराठी मुलगा बसला, म्हणजे ते धोरण पाळले गेले असे कागदोपत्री ठरते. मुलगा मात्र घरची एक भाषा उंबऱ्याबाहेर चपलांसारखी काढून ठेवून वर्गात येतो, आणि आपण असे का करावयाचे, हे त्यास कोणीच सांगत नाही.

‘वातावरण नाही’ ह्या सिद्धांताचेही तेच. वातावरण म्हणजे आपण काय समजतो? भिंतीशी पुस्तकांचे कपाट, मुलास शेजारी घेऊन बसणारी आई, आणि संध्याकाळी सहास घरी येणारा बाप. ज्याची पाळी एका आठवड्यास सकाळी, दुसऱ्या आठवड्यास दुपारी आणि तिसऱ्या आठवड्यास रात्री असते, त्याच्या घरची संध्याकाळ कोणती? त्या घरी पुस्तके नव्हती, हे खरे. पण आजी नातवंडांस रात्री कहाण्या सांगे. गावाकडचे कोण कोणाचे लागतात, ह्याचा वंशवृक्ष त्या मुलास तोंडपाठ होता. बापाच्या तीनही पाळ्यांचे हिशेब, ओव्हरटाइमसकट, तो मनातल्या मनात करी. हे सारे वातावरण नव्हे काय? ते आमच्या ओळखीचे नव्हते, एवढेच. आम्हांस ओळखता न येणारी वस्तू अस्तित्वातच नाही, असे मानण्याची सवय आमच्या वर्गास फार जुनी आहे. वरच्या वर्गांस शिकवा, म्हणजे विद्या आपोआप खाली झिरपेल, ह्या इंग्रजी कारभारातील कल्पनेस १८८२ साली हंटर कमिशनपुढे जोतीराव फुल्यांनी कडाडून विरोध केला. आमची सातपूरची शिकवणी म्हणजे त्याच झिरपणीची छोटी आवृत्ती होती: आम्ही वर, मुलगा खाली, आणि विद्या आमच्या पिशवीतून त्याच्या ओंजळीत पडणार!

येथे एका आक्षेपाचे उत्तर दिले पाहिजे. “मग काय, मुलांस शुद्ध मराठी शिकवूच नये? उद्या त्यास अर्ज लिहावयाचा आहे, मुलाखत द्यावयाची आहे. तेथे ‘डोया’ चालेल काय?” हा प्रश्न विचारणाऱ्यांचा हेतू चांगला आहे, आणि त्यांचे म्हणणेही खरे आहे. प्रमाण मराठी शिकविलीच पाहिजे. ती न शिकविणे म्हणजे मुलास वस्तीतच कोंडून ठेवणे होय. आमचा वाद क्रमाविषयी आहे. मुलाने ‘डोया’ म्हटले, तर प्रथम ‘शाबास, बरोबर वाचलेस’ असे म्हणावे. मग ‘पुस्तकात हाच शब्द कसा म्हणतात, पाहू’ असे पुढे जावे. ह्यात त्याची पहिली भाषा खोटी ठरत नाही, आणि दुसरी त्याच्या पदरात अधिक पडते. आपण स्वतः घरी ‘गेलं, केलं’ बोलतो आणि लेखात ‘गेले, केले’ लिहितो. तेव्हा आपल्यास कोणी अशुद्ध ठरविले होते काय? जी सवलत आपण आपल्या घरच्या बोलीस बिनबोभाट घेतली, तीच दुसऱ्याच्या घरच्या बोलीस द्यावी, इतकेच मागणे आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. काही मुलांस खरोखरच अक्षरांची अडचण असते. ती सारी बोलीच्या खात्यावर टाकल्यास त्यांचे नुकसान होईल. हे अगदी खरे आहे. १८९६ साली प्रिंगल मॉर्गन ह्या इंग्रज डॉक्टराने पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. मुलगा चलाख, खेळात तरबेज. परंतु वर्षानुवर्षे शिकवूनही त्यास वाचता येईना, आणि स्वतःच्या नावातली अक्षरेही तो उलटसुलट लिही. सारे शिक्षण तोंडी असते तर हाच शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असे त्याच्या शिक्षकाचे मत होते. ह्या दोषास आज डिस्लेक्सिया म्हणतात, आणि आपल्याकडील २०१६ च्या दिव्यांगांच्या कायद्यात अशा अध्ययन-अक्षमतेचा समावेश झाला आहे. पण हा आक्षेप आमच्याच बाजूचा आहे. जो कान बोलीतला फरक आणि वाचनातली चूक वेगळी करू शकत नाही, तो ह्या दोहोंतून डिस्लेक्सिया तरी कसा वेगळा काढणार? तिन्हींस मिळून ‘ढ’ हे एकच नाव दिले, म्हणजे पहिला मुलगा उगाच अपमानित होतो, दुसऱ्यास शिकविले जात नाही, आणि तिसऱ्यास उपचार मिळत नाही.

आमच्या विद्यार्थ्याच्या एकवीस खुणांतून तेरा वजा केल्यावर आठ उरल्या, आणि त्या खऱ्या चुका होत्या. त्या कोणत्या, हे आम्ही सहा आठवड्यांत एकदाही नीट पाहिले नव्हते. कारण सारा वेळ ‘ळ’ घोटण्यात गेला होता. त्या पाहिल्यावर दिसले की, मुलगा ‘शनिवार’ चे ‘शिनवार’ करी. ह्यात दोष त्याच्या बुद्धीचा किती? आपल्या लिपीत ऱ्हस्व इकाराची वेलांटी अक्षराच्या आधी लिहितात आणि उच्चार मात्र अक्षराच्या नंतर करतात. ‘शनिवार’ मध्ये ती ‘श’ आणि ‘न’ ह्यांच्या मधोमध उभी. डावीकडून क्रमाने वाचणाऱ्या मुलाने ती ‘श’ ला जोडली, तर त्याने तर्कच केला म्हणावयाचा. तीच गोष्ट ‘र’ ची. ‘सूर्य’ मध्ये तो डोक्यावर चढतो, ‘चक्र’ मध्ये पोटाशी तिरपा होतो, ‘राष्ट्र’ मध्ये खाली काकपदासारखा बसतो, आणि ‘दऱ्या’ मध्ये निराळेच रूप घेतो. आपणांस ही सोंगे पाठ झाली असल्याने ती सोंगे आहेत हेच आपण विसरलो आहोत. शिवाय ‘चार’ आणि ‘चारा’ ह्यांतला ‘च’ एकच लिहितो आणि दोन तऱ्हांनी उच्चारितो, तो भाग वेगळाच.

मग आम्ही चुकांची वही बंद केली, आणि दुसरी वही घेतली. मुलाने आजीची एखादी कहाणी आपल्या भाषेत सांगावी, आम्ही ती सांगितली तशी, ‘शे’ ला ‘शे’ ठेवून, लिहावी, आणि त्याने ती वाचावी. न्यूझीलंडमध्ये माओरी मुलांस शिकविणाऱ्या सिल्व्हिया अ‍ॅश्टन-वॉर्नर ह्या बाईंनी मुलांच्याच तोंडचे शब्द घेऊन वाचन शिकविण्याची जी रीत आपल्या १९६३ च्या पुस्तकात वर्णिली, तिचेच हे अनुकरण; त्यात आमची प्रतिभा नाही. पण लिहिताना एक गंमत झाली. अहिराणी शब्द लिहिताना आम्ही चुकू लागलो, आणि मुलगा आम्हांस सुधारू लागला! पहिल्यांदा त्याने भीतभीत सुधारिले. आम्ही रागावत नाही हे पाहिल्यावर मोठ्याने. आणि शेवटी तर आजीसकट सारे घर हसू लागले. त्या दिवसापासून त्याचा आवाज परत आला. वेलांटी आणि ‘र’ ची सोंगे ह्यांवर पुढे आम्ही मिळून काम केले. आणि ते सोपे गेले असे मुळीच नाही. पाचवीच्या परीक्षेत मुलगा तरला, काठावर तरला. आजही तो जोडाक्षरापाशी अडखळतो. ह्याचे श्रेय आम्ही घेत नाही. उलट पहिले सहा आठवडे आम्ही जे नुकसान केले, ते भरून काढण्यातच अर्धे वर्ष गेले, असा आमचा हिशेब आहे.

हा हिशेब आम्ही प्रसिद्ध करीत आहो, कारण आज सुशिक्षित घरांतील पुष्कळ मंडळी निवृत्तीनंतर किंवा सुट्टीत वस्तीतील मुलांस शिकवावयास जाऊ लागली आहेत. त्यांनी अवश्य जावे. तेथील शिक्षकांविषयी तुच्छतेने बोलण्याचा अधिकार मात्र कोणी घेऊ नये. वर्गभर मुले सांभाळणाऱ्या शिक्षकास एकेकाची बोली ऐकण्यास वेळ नसतो, आणि आम्हांपुढे एकच मुलगा असून आम्हांसही ती सहा आठवडे ऐकू आली नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ह्या कोसबाडला आदिवासींत राहिल्या, तेव्हा गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत म्हणून त्यांनी आईबापांस दोष दिला नाही. मुले जेथे गुरे चारीत त्या कुरणात शाळा नेली, आणि तिला कुरणशाळा म्हटले. शाळेने मुलाकडे चालत जावे, हा त्यांचा धडा. सातपूरच्या वाटेवर आम्ही पायांनी चालत गेलो खरे, पण कान घरीच ठेवून गेलो होतो.

तेव्हा ज्यांस ह्या कामास जावयाचे असेल, त्यांस आमची एवढीच विनंती आहे. पहिला आठवडा काहीही शिकवू नका. मुलास बोलू द्या, घरातल्या वडीलधाऱ्यांस बोलू द्या, आणि त्यांची भाषा ऐका. न समजेल तो शब्द त्यांस विचारा, आणि विचारताना संकोच वाटेल तो सोसा. मग मुलास वाचावयास सांगा, आणि त्याच्या प्रत्येक ‘चुकी’पुढे स्वतःस प्रश्न करा की, ही चूक डोळ्याची आहे, लिपीची आहे, की आपल्या कानाची? आणि पुढल्या खेपेस चहानंतर ‘त्यांच्या घरी वातावरणच नाही’ हे वाक्य ओठांवर आले, तर ज्याच्या घराविषयी आपण बोलतो त्या घराचा उंबरा आपण कधी ओलांडला आहे काय, ह्याचे उत्तर आधी द्यावे, आणि मगच ते वाक्य पुरे करावे.